द्वारपालाचा धर्म

बहुतेक व्यवसायांचे फळ डोळ्यांस दिसते. शेतकऱ्याचे पीक खळ्यावर येते, गवंड्याची भिंत उभी राहते, वैद्याचा रोगी अंथरुणावर उठून बसतो. आम्हा अध्यापकांचे फळ फारसे दिसत नाही हे खरे. तरी परीक्षेचा निकाल म्हणून काहीतरी कागदावर उमटतेच. परंतु रखवालदाराच्या व्यवसायाचे फळ कोणते? रात्र सरली आणि काही घडले नाही, हेच त्याचे फळ. आता जे घडले नाही ते त्याच्या जागण्यामुळे घडले नाही, की तो झोपला असता तरीही घडले नसते, हे सांगण्यास कोणी साक्षीदार नसतो. ज्या कर्माचे यश आणि वैयर्थ्य ही दोन्ही बाहेरून अगदी सारखी दिसतात, त्या कर्माच्या कर्त्याने आपले कर्तव्य आपल्या हातून झाले की नाही हे कशावरून ओळखावे? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्या वाट्यास तो येतो त्याची झोप उडविण्याइतका तो खरा आहे, हे मला गेल्या दिवाळीत दिसून आले.

माझा एक भाचा बरीच वर्षे अमेरिकेत असून आता तेथील नागरिक झाला आहे, व तेथल्या मध्यवर्ती सरकारच्या एका खात्यात नोकरीस आहे. त्याच्या हुद्द्याचे नाव ‘फिजिकल सिक्युरिटी स्पेशालिस्ट’. आपण त्यास वास्तुसंरक्षणाचा तज्ज्ञ म्हणू. हे नाव ऐकून माझ्या मातोश्रींनी, म्हणजे त्याच्या आजीने, “म्हणजे पहारेकरीच की रे!” असे म्हटले, तेव्हा त्याने हसून मान डोलावली. तसा तो दारावर उभा राहत नाही व त्याच्या हाती काठीही नसते. तो सरकारी कचेऱ्या पाहत हिंडतो. रस्त्यापासून भिंत किती फूट आहे, दारे किती व त्यांच्या किल्ल्या कोणाकोणाजवळ आहेत, उजेड कोठे पोहोचत नाही, बाहेरची हवा आत घेणारे झरोके कोणाच्या हातास लागण्याजोगे आहेत काय, धक्का बसल्यास खिडक्यांच्या काचा कोणाच्या अंगावर उडतील, असल्या शेकडो गोष्टी तो टिपून घेतो. मग अहवाल लिहितो आणि कोणता बंदोबस्त करावा याची शिफारस करतो. तो म्हणतो की, त्याच्या कामाचे मर्म एवढेच : चांगल्या माणसाने वाईट माणसाच्या डोळ्यांनी घर पाहावे, आणि संध्याकाळी ते डोळे उतरवून ठेवून आपल्या घरी जावे. यांतील पहिली गोष्ट शिकविता येते. दुसरी ज्याची त्याने शिकावयाची असते.

या व्यवसायास आजचे रूप एका भयंकर सकाळीने दिले. १९९५ च्या एप्रिलच्या १९ तारखेस, सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी, ओक्लाहोमा शहरातील नऊ मजली सरकारी इमारतीसमोर उभी केलेली भाड्याची मालमोटार तिच्यातील स्फोटकांसह उडाली. खताच्या द्रव्यापासून ती स्फोटके तयार केलेली होती. १६८ माणसे मेली. त्यांत १९ मुले होती, कारण त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बालसंगोपनगृह होते. स्फोटाच्या प्रत्यक्ष आघातापेक्षा, खांब तुटल्यावर मजल्यावर मजले कोसळले त्यामुळे अधिक लोक दगावले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी सर्व सरकारी इमारतींच्या पाहणीचा हुकूम दिला, आणि त्या पाहणीत असे आढळले की, सरकारी इमारतींचे संरक्षण कसे असावे याविषयी सर्व खात्यांस लागू असे एकही मान नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात निरनिराळ्या खात्यांची मिळून एक समिती नेमण्यात आली, आणि तिच्या नियमांवर पुढे हे शास्त्र वाढले. आज प्रत्येक इमारतीची पाचांपैकी एक पायरी ठरवितात. त्यासाठी कामाचे महत्त्व, इमारतीचे प्रतीकमूल्य, माणसांची संख्या, जागेचा विस्तार आणि तेथील खात्यांस असलेला धोका या पाच गोष्टींना गुण देतात. वरच्या तीन पायऱ्यांतील इमारती निदान तीन वर्षांतून एकदा व खालच्या दोन पायऱ्यांतील पाच वर्षांतून एकदा फिरून तपासाव्या लागतात. इमारतीत अनेक खाती नांदत असली तर तज्ज्ञ फक्त शिफारस करतो; निर्णय त्या खात्यांच्या प्रतिनिधींची समिती मत देऊन करते. हा शेवटचा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ ग्रंथात राज्याच्या रक्षकास चांगल्या जातीच्या कुत्र्याची उपमा दिली आहे. ओळखीच्याशी सौम्य आणि अनोळख्यावर गुरगुरणारा, असा तो असावा. उपमा सुंदर आहे. परंतु ओक्लाहोमाच्या त्या सकाळी ती कुचकामाची ठरली असती. मालमोटार आणणारा मनुष्य परका नव्हता. तो त्याच देशाचा नागरिक होता, व आखाती युद्धात त्याच देशाच्या सैन्यात लढून त्याने पदक मिळविले होते. ज्याच्यावर कुत्र्याने भुंकावे असे त्याच्या अंगावर, बोलण्यात, नावात काहीएक नव्हते. उलट, त्या देशात दररोज लाखो अनोळखी माणसे सरकारी कचेऱ्यांत शिरतात आणि आपला दाखला घेऊन मुकाट्याने परत जातात. ओळख ही निरुपद्रवीपणाची खूण नव्हे, आणि अनोळख ही दुष्टपणाची नव्हे.

येथे या रूक्ष दिसणाऱ्या व्यवसायाचे एक नैतिक सौंदर्य माझ्या लक्षात आले. जेथे माणसे पारखून संरक्षण साधावयाचे तेथे संशयावाचून गती नाही. आणि संशय हा नेहमी दुबळ्यावर, वेगळ्या रंगाच्या कातडीवर, मळक्या कपड्यांवर आधी जाऊन बसतो. परंतु इमारत रस्त्यापासून पन्नास फूट मागे घेतली, तिच्यापुढे मोटारीस अडवतील पण पादचाऱ्यास अडवणार नाहीत असे लोखंडी खांब रोवले, काचेवर तुकडे धरून ठेवणारा पापुद्रा लावला, आणि एक खांब तुटला तरी वरचे मजले तगून राहतील अशी रचना केली, तर यांत कोणाचा अपमान झाला? दगडी कठडा कोणास त्याचे गाव विचारीत नाही, लोखंडी खांब कोणाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत नाही. संशयाचे काम अंतरावर सोपविले म्हणजे माणसास माणसाशी सभ्यपणे वागण्यास मोकळीक मिळते. भिंत निर्विकार असल्यामुळे आतल्या माणसास सौजन्य परवडते. हा व्यवसाय उत्तम रीतीने केला तर तो संशयाचा व्यवसाय उरत नाही; कोणावरही संशय घ्यावा न लागता सुरक्षित कसे राहावे याची ती विद्या होते.

ही विद्या येथेच थांबती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु अंतरालाही एक भाषा आहे, आणि ते वाढू लागले म्हणजे बोलू लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची आजची इमारत १९३५ साली खुली झाली. समोर रुंद संगमरवरी पायऱ्या, आणि वर कायद्यापुढील समान न्यायाचे वचन कोरलेले. मे २०१० मध्ये संरक्षणाच्या कारणास्तव त्या पायऱ्यांवरील मुख्य दार लोकांच्या प्रवेशास बंद झाले. तेव्हापासून लोकांनी बाजूच्या खालच्या दाराने, तपासणी करवून घेऊन आत यावे, आणि परतताना हवे तर मुख्य दाराने पायऱ्या उतरून जावे, अशी व्यवस्था आहे. न्यायमूर्ती ब्रायर यांनी या निर्णयाविरुद्ध आपले मत लेखी नोंदविले व न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी त्यास अनुमती दिली. आपल्या माहितीप्रमाणे जगातील दुसऱ्या कोणत्याही सर्वोच्च न्यायालयाने, तितकाच किंवा अधिक धोका असतानाही, आपले मुख्य दार लोकांस बंद केलेले नाही, असे ब्रायर यांचे म्हणणे होते. ब्रायर यांस धोका कळत नव्हता असे नव्हे. त्यांस दाराचाही अर्थ कळत होता. न्याय मागावयास येणारा मनुष्य पायऱ्या चढून मुख्य दाराने येतो की बाजूने वाकून येतो, यावर तो मालक आहे की याचक हे ठरते.

आपल्याकडील दंडनीतीच्या आचार्यास ही अडचण पुरती ठाऊक होती. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त राजगृहाच्या रक्षणाचा जो विचार केला आहे तो कोणाही आधुनिक तज्ज्ञास लाजविणारा आहे. भिंतींतील गुप्त जिने, सर्प खाणारे मोर व मुंगूस, विषाचा वास येताच ओरडणारे पोपट, सर्व काही त्यात आहे. परंतु ज्या अध्यायात हे आहे त्याच्या अगोदरच्याच अध्यायात तो बजावतो की, काम घेऊन आलेल्यांस राजाने दारात ताटकळत ठेवू नये. ज्या राजाचे दर्शन दुर्लभ, त्याच्याकडून जवळची माणसे कार्याचे अकार्य करवितात, आणि त्यातून प्रजेचा कोप ओढवतो किंवा राजा शत्रूच्या हाती जातो. आधी दार उघडे ठेवण्याचा अध्याय, मग भिंतींचा. बंद दार हाही एक धोकाच आहे. फक्त तो पाहणीच्या तक्त्यात लिहिण्यास घर नसते.

यावर कोणी म्हणेल की, हे सर्व काव्य झाले. दार बंद केल्याने एक जरी जीव वाचला तरी सर्व गैरसोय सार्थकी लागली. हा आक्षेप हृदयास भिडणारा आहे, आणि ज्यांनी ओक्लाहोमाची छायाचित्रे पाहिली आहेत त्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु या युक्तिवादात एक दोष आहे. तो प्रत्येक दारास, प्रत्येक खिडकीस, प्रत्येक बाकास सारखाच लागू पडतो. त्याच्या बळावर कोणतीही गोष्ट बंद करता येते व कोणतीही उघडता येत नाही. ज्या युक्तिवादास थांबण्याची जागा नाही तो विवेकाच्या कामाचा नसतो. शिवाय बंद केल्याने जीव वाचतोच हे तरी कोठे ठरले आहे? २००९ साली अमेरिकन काँग्रेसच्या तपासणी-कचेरीने गुप्तपणे परीक्षा घेतली, तेव्हा तिची माणसे स्फोटकाचे सुटे भाग बरोबर घेऊन दहापैकी दहा सरकारी इमारतींत पहाऱ्यामधून बिनबोभाट आत गेली. त्या इमारतींत रोज रांगेत उभे राहणाऱ्या लोकांची गैरसोय खरी होती. संरक्षण मात्र बरेचसे मानलेले होते.

खरी गोम निराळीच आहे. दार उघडे ठेवले आणि अनर्थ झाला, तर चौकशी बसते आणि ज्याने ते उघडे ठेवले त्याचे नाव छापून येते. दार बंद केले आणि दहा वर्षे हजारो माणसांनी वळसा घातला, तर कोणतीही चौकशी बसत नाही. म्हणून रक्षकाचे स्वतःचे हित नेहमी बंद करण्याच्या बाजूस असते. त्याच्या मनात दोन प्रकारची भीती असते. एक लोकांच्या जिवाची आणि दुसरी आपल्या अब्रूची. आणि या दोन्ही इतक्या सारख्या आवाजात बोलतात की, कोणती बोलत आहे हे त्याचे त्यालाही कळत नाही. त्यात तो केवळ शिफारस करणारा. तज्ज्ञ म्हणतो, मी फक्त सुचविले. समिती म्हणते, तज्ज्ञाने सुचविले होते. मग दार बंद केले कोणी? कोणीच नाही. ते आपले बंद झाले.

माझ्या भाच्याची झोप उडविणारे दार हे असेच होते. एका लहान शहरातील कचेरी. तेथे वृद्ध, अपंग, विधवा अशी माणसे निर्वाहवेतनाच्या कामासाठी येत. समोरचे दार बसच्या थांब्यापुढे उघडत असे, मागचे मोटारतळाकडे. तपासणीचे ठाणे एकच परवडण्याजोगे होते, व मागच्या दाराशी जागा मोकळी होती. म्हणून ठाणे तेथे बसवावे व समोरच्या दाराने प्रवेश बंद करावा, अशी शिफारस त्याने केली. प्रत्येक आकड्याने ती बरोबर होती, आणि समितीने ती एकमताने मान्य केली. पुढे कित्येक वर्षे काहीही घडले नाही. फेरतपासणीस तो पुन्हा गेला तो जानेवारीत. बसमधून उतरलेली एक म्हातारी बर्फावरून, हाताने भिंत धरीत, इमारतीस वळसा घालून येत होती. याच्या गळ्यातील बिल्ला पाहून तिने विचारले, “ते दार का बंद आहे?” याने सवयीने उत्तर दिले, “आपल्या सुरक्षिततेसाठी.” तिने पायाखालच्या बर्फाकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, “माझ्या?”

हे सांगून झाल्यावर भाचा म्हणाला, “मामा, त्या दाराने किती जीव वाचले हे मला कधीच कळणार नाही. पण त्याने किती माणसांना वळसा घालावयास लावला हे मोजता येत होते. तेवढे मी कधी मोजलेच नाही.”

मी प्राध्यापक, तोंडाशी आलेले उत्तर दिले. म्हटले, कर्म आपल्या हाती, फळ नाही. तू आपले काम प्रामाणिकपणे केलेस, फळाची चिंता कशाला? तो काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याने माझे मलाच उमगले की, मी गीतेचा फार स्वस्त उपयोग केला. फळाची आशा सोडावी ती स्वतःच्या फळाची. आपल्या कर्माचा भार दुसऱ्याच्या पाठीवर किती पडला हे न पाहण्यास निष्कामता म्हणत नाहीत. तिला दुसरे नाव आहे. ज्या कर्माचा लाभ अदृश्य आहे त्याचा भार तरी डोळे उघडे ठेवून पाहावा, एवढे ऋण कर्त्यावर राहतेच. किंबहुना आरंभीच्या प्रश्नास मला सुचलेले उत्तर हेच आहे. रक्षकास आपले यश मोजता येत नाही. परंतु आपण इतरांकडून वसूल केलेली किंमत मोजता येते. ती त्याने मोजली, लिहून ठेवली, आणि तरीही ती वाजवी आहे असे मोजणाऱ्याच्या नव्हे तर देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून त्यास म्हणता आले, तर त्याने आपले कर्तव्य केले. जेथे असे म्हणता येत नाही तेथे “एवढे पुरे” असे म्हणण्याचे धैर्यही त्याचेच काम आहे. कारण ते दुसऱ्या कोणी म्हटले तर त्यास बेफिकीर म्हणतील. भयाला सीमा घालण्याचा अधिकार ज्यास भयाची खरी माहिती आहे त्यालाच पोहोचतो.

भाच्याने त्या दिवशी बसथांब्यापासून मागच्या दारापर्यंतचा वळसा स्वतः चालून पाहिला, पावले मोजली, आणि नव्या अहवालात लिहिली. तपासणीचे ठाणे समोरच्या दारी आणावे व वळसा मोटारीने येणाऱ्यांनी घालावा, यात खर्च वाढेल व गर्दीच्या वेळी रांग रस्त्यावर येऊन थोडा धोका वाढेल, हेही त्याने लपविले नाही. पत्करलेला धोका कारणासह लिहून ठेवण्याची सोय त्यांच्या नियमांतच आहे. तिचा उपयोग त्याने केला. तो येथून परत गेला तोवर समितीचा निर्णय झालेला नव्हता. निर्णय विरुद्ध गेला तरी निदान ते दार आता आपोआप बंद राहणार नाही. कोणास तरी ते बंद ठेवावे लागेल.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने हे सर्व आजीलाही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि आमच्या गावच्या जुन्या वाड्याची आठवण काढली. दिवेलागणीला वाड्याचा मोठा दरवाजा लावून अडसर घालीत. पण त्यातली दिंडी रात्री उशिरापर्यंत उघडी असे, आणि तिच्याशेजारी कोणीतरी जागे असे. दिंडीतून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येऊ शकतो. दरवडेखोरांची टोळी येऊ शकत नाही. रायगडाचे दार सायंकाळी मिटले आणि घरी तान्हे मूल असलेली हिरकणी कडा उतरून गेली, ही आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिने वाट दाखविली तेथे बुरूज उभा राहिला, हेही ऐकले आहे. पण दार मिटताना आत कोण राहिले हे पाहण्याची काही तजवीज पुढे झाली की नाही, हे आख्यायिका सांगत नाही. आजी म्हणाली, “दरवाजा लावायला कुणीही चालतं रे. दिंडीशी जागणारा माणूस भरवशाचा लागतो.”